पिपातले दोन सूर

जहाजाच्या भटारखान्यात कांदे सोलणारा माझा भाऊ
पहाटे साडेचारला व्हॉइस नोट पाठवतो.
तिकडे तेव्हा कालची संध्याकाळ.
मागं कसला तरी दणका,
आणि हा ओरडतोय : ताई, बाबाले आयकव!

बाबा चुलबंदच्या काठी दात घासत होता.
फोन कानाला लावला,
कडूलिंबाची काडी तोंडातच राहिली.
"ताशा कोन वाजवून रायला वं?"
त्रिनिदादवाले, म्हटलं.
"पवनीच्या पलीकडं काय?"

पवनीच्या पलीकडंच.
नागपूर, मग समुद्र, मग पुन्हा समुद्र,
मग एवढुसं बेट.
तिथं उसाच्या मळ्यात करारावर नेली माणसं,
आणि कोणीतरी अंथरुणाच्या वळकटीत ताशाही नेला.
बाबा बराच वेळ नदीकडं बघत बसला.
ती वैनगंगेला मिळते, एवढंच त्याला ठाऊक.

मग रोज चौकशी.
कॅलिप्सो म्हणजे? गाणं, बाबा. गावातल्या लबाडीवरचं.
नाव घेऊन? कधी घेऊन, कधी न घेता.
बाबा हसला.
त्याच्या गमतीत सरपंच कधीच नसतो,
असतो एक बोका, रेशनच्या तेलात मिशा बुडालेला,
आणि सगळी मंडई सरपंचाकडं वळून बघते.
"आन तठी मालकाले समजे का?"
भावाचा निरोप : मालक टाळ्या वाजवायचा म्हणे.
"मंग बराबर हाये."

ढोल बंद केले गोऱ्यांनी, तर त्यांनी बांबू आपटले.
मग बिस्किटांचे डबे.
मग तेलाची पिपं, ठोकून ठोकून
एकेका खळग्यात एकेक सूर बसवला.
हे ऐकून बाबा जेवला नाही नीट.

नवी सोका मात्र त्याला आवडेना.
चारच शब्द : हात वर, उडी मार.
"याच्यात टोमना कोठी हाये?"
भाऊ म्हणाला, बाबा, इथं उसातली माणसं,
गुलामांची नातवंडं, बंदरावरच्या धोबिणी
दोन दिवस रस्ता अडवून नाचतात.
कोणाला विचारत नाहीत.
टोमणा तोच.
बाबाला पटलं नाही.
अजूनही नाही पटलेलं.

मंडईच्या रात्री दंडार आटोपल्यावर
मी पेनड्राइव्ह ट्रॅक्टरवरल्या डीजेला दिला.
पोरं आधीच सुटली होती.
मग रायवंतामावशी उठली,
दर पावसाळ्यात परसोडीपर्यंतचे रोवणे उरकणारी,
चिखलात दिवसभर दुमडलेली तिची कंबर
आधी सरळ झाली,
मग गोल फिरली, सावकाश,
जात्याच्या पाळीसारखी.
तिच्यामागं बाकीच्या सगळ्या.
पदर खोचलेले. कोणी हसत नव्हतं.
हे गाणं कोणत्या भाषेतलं
एकीनंही विचारलं नाही.

दहा वाजले. हवालदार आला.
डीजेची वायर काढली.
एवढी माणसं आणि एवढी शांतता,
भजीच्या कढईचा आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात राइस मिलच्या मागून
बाबा डिझेलचं पिप लोटत आला.
महिनाभर सोमा लोहाराकडं
काय ठोकत होता ते तेव्हा कळलं.
दोन खळगे पडले होते.
तिसरा सूर काही सापडला नव्हता.

"बंद म्हटलं ना!"
"सायेब, डीजे बंद हाये. हा तं पिपा होय."
आणि टिपऱ्यांनी ते दोनच सूर
वरखाली, वरखाली
घोळवत त्यानं बोक्याचं गाणं धरलं.
बोका खाकी. बरोबर दहाला झोपतो
आणि अकराला दारूभट्टीवर उठतो.
रायवंतामावशी पुन्हा फिरू लागली.

हवालदारानं
टाळी वाजवली.

मी सगळं रेकॉर्ड करून भावाला पाठवलं.
एकच टिक.
जहाज निघालं असेल बंदरातून.